झाडांची आणेवारी : हवामान व झाडांचें बीं

"गेल्या सालीं हिरडा नुसता लदबदला होता, यंदा फांदीला दाणा नाहीं, झाडाला झालें तरी काय?" हा प्रश्न अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील गांवांत दर दोन-तीन वर्षांनीं ऐकूं येतो. उत्तरेंहि ठरलेलीं असतात. कोणी म्हणतो, ढगानें मोहोर खाल्ला. कोणी म्हणतो, झाडाला दृष्ट लागली. आणि कोणी फारसें न बोलतां कुऱ्हाडीला धार लावतो, कारण जें झाड फळत नाहीं तें बांधावर ठेवून पिकावर सावली कशाला पाडावयाची, असा त्याचा रोखठोक हिशेब असतो. ह्या तिसऱ्या उत्तरामुळेंच प्रस्तुत लेख लिहिण्याचें प्रयोजन पडलें. झाडाचें फळणें व न फळणें ह्यांचा हिशेब एका वर्षाचा नसून दोन-तीन वर्षांच्या हवेचा असतो. आणि तो ज्यास ठाऊक नाहीं त्याच्या हातून चांगलें झाड तुटतें, व ज्या वर्षीं बीं राखून ठेवावयाचें तें वर्ष हातचें निघून जातें.

भंडारदऱ्याचा मुलूख ह्या विषयाच्या अभ्यासास फार सोईचा आहे. प्रवरेवरील धरणाचें काम 1910 सालीं सुरू होऊन 1926 च्या डिसेंबरांत त्याचें उद्घाटन झालें, व त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांचें नांव त्यास मिळालें. तेव्हांपासून ह्या खोऱ्यांतील पावसावर साऱ्या खालच्या प्रवराकांठाचें लक्ष असतें. धरणांत 11,039 दशलक्ष घनफूट पाणी पुरें झालें कीं नाहीं, ह्याची विचारपूस ऊंसवाला शेतकरी रोज सकाळीं करितो. पाण्याची मोजदाद इतकी बारकाईनें होते. परंतु त्याच पावसानें त्याच डोंगरावरील झाडांच्या बियांचें काय केलें, हें कोणी मोजीत नाहीं. धरणाच्या पश्चिमेस घाटघर-रतनवाडीकडे कित्येक वर्षीं पाऊस 200 इंचांच्या घरांत जातो. पूर्वेस राहुरी व अहिल्यानगर (2024 पूर्वीचें अहमदनगर) ह्या भागांत तो सरासरीनें वीस-बावीस इंचांवर येतो. एकाच जिल्ह्यांत, कांहीं मजलांच्या अंतरांत, हवेचीं हीं दोन टोकें पाहावयास सांपडतात. आणि आंबा, जांभूळ, मोह हीं झाडें दोन्ही टोकांस आहेत. मग एकाच पावसाळ्याचा परिणाम दोन ठिकाणीं निरनिराळा कां होतो, हें ताडून पाहतां येतें.

प्रथम झाडाचा संसार कसा चालतो तें पाहूं. भात किंवा बाजरी ह्यांचा व्यवहार रोखीचा असतो. त्याच सालचा पाऊस, त्याच सालचें ऊन, आणि त्याच सालचा दाणा. झाडाचा व्यवहार ठेवीचा आहे. पानें सूर्यप्रकाशांत जें अन्न तयार करितात त्यांतील कांहीं भाग वाढीस लागतो आणि उरलेला मुळांत, खोडांत व जून फांद्यांत पिठाच्या रूपानें सांठून राहतो. बीं हें झाडाचें सर्वांत महागडें उत्पन्न होय. कारण पुढच्या रोपाची शिदोरी म्हणून त्यांत तेल, पीठ व नत्रयुक्त द्रव्यें भरून द्यावीं लागतात. एका भरघोस बहरानें ही कणगी तळास जाते. पुढल्या वर्षीं हवा कितीहि अनुकूल असली तरी झाडानें द्यावयाचें कोठून? ज्यास आपण वांझ म्हणतों तें झाड बहुधा वांझ नसतें, दमलेलें असतें.

रायवळ आंब्याचें आडसाल फळणें सर्वांच्या परिचयाचें आहे. तेथें नुसत्या सांठ्याचाच प्रश्न नसतो. फळानें लगडलेल्या डहाळीस त्या हंगामांत नवी पालवी वेळेवर फुटत नाहीं, व कोवळ्या कोयींतून निघणारीं कांहीं द्रव्यें जवळच्या डोळ्यांस मोहोराची कळी धरूं देत नाहींत. म्हणजे यंदाचें फळ पुढील सालच्या मोहोराच्या आड येतें. कोंकणांतील बागाईतदार पॅक्लोब्युट्राझोल नांवाचें औषध मुळांशीं घालून ही अडचण कांहीं अंशीं दूर करितात. परंतु तो खर्च आणि ती निगा बांधावरच्या रायवळास परवडण्यासारखी नाहीं, आणि नाहीं परवडत तेंच बरें, असें माझें मत आहे.

आतां ही कणगी भरते केव्हां? येथें घाट व देश ह्यांची वाट वेगळी होते. देशावर झाडास ऊन भरपूर असतें, तोटा असतो तो पाण्याचा. पावसाळा उणा गेला कीं पानें लौकर गळतात व सांठा अपुरा राहतो. घाटमाथ्यावर ह्याच्या उलट आहे. मृगापासून मघेपर्यंत तेथें पाण्याचा तोटा नसतो, सूर्याचा असतो. रतनगडाचा माथा आठ-आठ दिवस दिसत नाहीं. पानें हिरवीगार असतात, पण अंधारांत ठेवलेल्या जात्याप्रमाणें तीं रिकामींच फिरतात. तेथील झाडाची खरी कमाई पावसाच्या उघडिपींत आणि मग उत्तरा-हस्तापासून मार्गशीर्षापर्यंतच्या स्वच्छ उन्हांत, जमिनींत ओल शिल्लक असतांना, होते. तेव्हां पाऊस थोडा उणा पण उघडीप अधिक असा पावसाळा देशावरच्या झाडास मारक, तर घाटावरच्या झाडास तारक ठरावा, असें अनुमान निघतें.

हें अनुमान केवळ तर्काचें नाहीं. मध्य अमेरिकेंत पनामा देशांत बारो कोलोरॅडो नांवाचें एक बेट आहे. तेथील दाट पावसाळी रानांत झाडांखालीं जाळीच्या झोळ्या टांगून, त्यांत पडणारें फूल व बीं 1987 पासून दर आठवड्यास मोजण्यांत येत आहे. प्रशांत महासागराचें पाणी तापून जें हवामान उद्भवतें व ज्यास एल निनो म्हणतात, त्या वर्षीं तेथें ढग उणे व ऊन अधिक असतें, आणि त्या वर्षीं रानांत फळांची रेलचेल होते. त्याच्या पाठोपाठ मात्र, कणग्या रिकाम्या झाल्यामुळें, फळें खाऊन राहणाऱ्या प्राण्यांवर उपासमारीची पाळी येते. आपल्याकडे एल निनो म्हणजे दुष्काळाची चाहूल एवढेंच आपण जाणतों, कारण आपली दृष्टि ज्वारी-बाजरीवर असते. 2023 चा ऑगस्ट महिना देशांतील 1901 पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. देशावर त्यानें उभ्या पिकांचें काय केलें हें पंचनाम्यांत उतरलें. घाटावरच्या हिरड्या-जांभळांस मात्र श्रावणांत इतकें ऊन क्वचितच मिळालें असेल. पुढच्या चैत्रांत त्यांचा बहर सोळा आणे आला कीं आठ आणे, ह्याची गांवोगांव नोंद असती तर वरच्या अनुमानाची आपल्याच मातींत कसोटी लागली असती.

सांठा झाला म्हणजे फूल येतेंच असें नाहीं. डोळ्यांतून पान फुटावें कीं मोहोर, ह्याचा निवाडा व्हावयाचा असतो, आणि बहुतेक झाडांत हा निवाडा कोरड करिते किंवा थंडी करिते. आंब्यास दोन्ही लागतात. पावसाळा आटोपल्यावर वाढ थांबली पाहिजे, पालवी जून झाली पाहिजे, आणि मग रात्री गार पडल्या पाहिजेत. भंडारदऱ्याच्या उंचीवर रात्रीच्या गारव्यास तोटा नाहीं. पण पाऊस लांबला तर सगळें बिघडतें. 2019 सालीं ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागला तरी पाऊस हटला नाहीं. अशा वर्षीं ओलीमुळें झाड विसावत नाहीं, नवी पालवी टाकतें, आणि ती कोंवळी पालवी जून होईपर्यंत थंडीचे दिवस निघून जातात. मोहोर उशिरा येतो व विरळ येतो. उलटपक्षीं थंडी फारच कडक पडली तर मोहोरांत नरफुलांचें प्रमाण वाढतें. झुबका डोळ्यांत भरण्यासारखा दिसतो व फळ धरीत नाहीं. एका झुबक्यांत शेंकडों, कधीं हजारों फुलें असतात व त्यांतून शेवटास जाणारें फळ शेंकडा एकाहूनहि कमी असतें, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे मोहोर पाहून आंब्याचा सौदा करण्यांत किती अर्थ आहे तें कळेल.

"ढगानें मोहोर खाल्ला" असें आपण म्हणतों. ढग कांहीं खात नाहीं. पौष-माघांत आभाळ भरून आलें कीं हवा दमट राहते, सकाळचें दंव लौकर वाळत नाहीं, आणि त्या दमटपणांत तुडतुडे व भुरी ह्यांचें फावतें. शिवाय माशा व मधमाशा गार ढगाळ हवेंत बाहेर पडत नाहींत. पराग जागच्या जागीं राहतो. म्हणजे जो दोष आपण आभाळास देतों त्यांतील अर्धा तुडतुड्यांचा व भुरीचा असतो, व त्यावर वेळेवर उपाय करतां येतो. उरलेल्या अर्ध्यावर उपाय नाहीं. मात्र सातेरी व आग्या माश्यांचीं मोहोळें धूर करून जाळण्याची जी चाल आहे ती सोडली, तर जे चार उघडे दिवस मिळतील त्यांचा झाडास पुरता उपयोग होईल.

हिरड्याचें वेळापत्रक आंब्याहून निराळें आहे, आणि हें न समजल्यामुळें पुष्कळ घोंटाळा होतो. हिरडा माघ-फाल्गुनांत पान गाळतो. चैत्राच्या सुमारास नव्या पालवीबरोबर त्यास पिंवळट पांढरे, उग्र वासाचे तुरे येतात. आणि वैशाखांत कोवळीं फळें धरतात. म्हणून पौषांतलें आभाळ, जें आंब्यास नडतें, तें हिरड्यास नडत नाहीं. त्याचा वैरी वळीव. तुरा उमलला असतां दोन-चार सांजा सलग वळवाच्या सरी आल्या तर पराग धुपून जातो. आणि फळ धरल्यावर वावटळ किंवा गारा आल्या तर झाडाखालीं कोवळ्या फळांचा सडा पडतो. 2014 च्या फेब्रुवारीअखेरीस व मार्चांत महाराष्ट्रभर जी गारपीट झाली तिनें आंब्याच्या मोहोरास झोडपलें. हिरड्याचे डोळे त्या वेळीं बहुतांशीं मिटलेले असतात. ह्याच्या उलट 3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागेजवळ किनाऱ्यास लागून घाटावर चढलें, तेव्हां जुन्नर-आंबेगांवच्या आदिवासी गांवांत हिरड्याचें मोठें नुकसान झालें. एकच वर्ष, एकच डोंगर. परंतु कोणत्या झाडास काय लागलें हें त्या दिवशीं तें झाड कोणत्या अवस्थेंत होतें ह्यावर ठरतें. "यंदा हवा वाईट" ह्या मोघम शब्दांनीं कांहींच कळत नाहीं.

इतर झाडांविषयीं थोडक्यांत सांगतों. साग भर पावसांत फुलतो, आणि म्हणूनच संततधारेच्या मुलखांत त्यास बीं बेताचेंच धरतें. जेथें पावसांत उघडिपी असतात तेथलें सागाचें बीं घेणें शहाणपणाचें. सादड्याचें पंखाचें फळ पुष्कळ दिसतें पण बहुधा पोकळ निघतें. मोहाचें फूल चैत्रांत रात्रीं गळतें; त्यावर पाऊस पडला तर वेंचलेलें फूल काळें पडून वायां जातें, परंतु झाडावर राहिलेलें फळ पुढें आषाढाच्या तोंडास पिकतें. जांभळास वैशाखांतलें ऊन हवें. पाऊस चार दिवस आधीं आला तर पिकलें जांभूळ फुटतें, चिघळतें व बाजारास जात नाहीं. बियांचें मात्र त्यांत नुकसान नसून सोय आहे, कारण ओल्या जमिनीवर पडलेली जांभळाची आठळी लगेच रुजते. उंबराचें सगळेंच वेगळें. त्याच्या फळांत शिरणाऱ्या चिलटांशीं त्याचा जो करार आहे तो बारमाही असल्यामुळें कोणत्या ना कोणत्या उंबरावर कांहीं ना कांहीं असतेंच, व दुष्काळांत पांखरें त्यावरच जगतात.

कारवी व बांबू ह्यांचा उल्लेख येथें कोणी काढील म्हणून सांगतों. कारवी सात वर्षांनीं फुलते, व बांबूच्या कांहीं जाती तर पन्नास वर्षांच्या आंतबाहेर एकदांच फुलून मरतात. मिझोरामांत 1959 व 2007 ह्या सालांच्या सुमारास बांबू फुलला, त्याचें बीं खाऊन उंदीर बेसुमार वाढले, व त्यांनीं भाताचीं शेतें फस्त केलीं. परंतु हीं उदाहरणें हवेचीं नव्हेत. ह्या वनस्पति वर्षें मोजतात. हवा फार तर थोडें मागेंपुढें करिते. हिरडा व आंबा वर्षें मोजीत नाहींत. त्यामुळें "दर तीन वर्षांनीं हिरडा येतो" असा पंचांगी नियम बांधूं नये.

एका गांवचीं सगळीं झाडें एकाच वर्षीं कां लदबदतात व एकाच वर्षीं कां रुसतात, ह्याचें उत्तर आतां ध्यानांत येईल. हवा सर्वांस एकच असते. भरपूर ऊन, वेळेवर कोरड, मोहोरांत उघडीप, हा योग ज्या वर्षीं जुळतो त्या वर्षीं सांठा असलेलीं सर्व झाडें एकदम फुलतात. एकदम फुललीं म्हणून एकदम दमतात. आणि पुढें चांगल्या योगाची वाट पाहतात. बोर्निओ व मलाया येथील सालवृक्षाच्या जातकुळीचे प्रचंड वृक्ष कित्येक वर्षें गप्प राहून, कोरड व रात्रींचा गारवा ह्यांच्या इशाऱ्यानें एकाच हंगामांत सारें रान फुलवितात. युरोपांतील बीच नांवाचें झाड आदल्या वर्षींच्या उन्हाळ्यावरून पुढचा बहर ठरवितें.

ह्यांत झाडाचा लाभ मोठा आहे. बियांवर जगणारे किडे, उंदीर व खारी ह्यांची वस्ती नापिकीच्या वर्षीं उपासानें उणी होते. मग एकदम इतकें बीं पडतें कीं त्यांना तें संपवितां येत नाहीं. शिवाय सर्व झाडें एकदम फुललीं म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्यास मिळतो व बीं कसदार होतें. नापिकीच्या वर्षीं एखाद-दुसरें झाड फुललें तर त्यास आपल्याच परागावर भागवावें लागतें, व जें थोडें बीं होतें त्यांतलें बहुतेक किडीचें धन होतें. शेतकऱ्यानें ह्यावरून घ्यावयाचें तें हें कीं, रोपांसाठीं बीं भरल्या वर्षींच गोळा करावें. विरळ वर्षीं मुद्दाम शोधून आणलेलें चार शेर बीं हें गरजेपोटीं घेतलेलें वाईट बीं असतें. रोपवाटिकेंत तें उगवत नाहीं तेव्हां दोष मातीस व पाण्यास दिला जातो.

हवामान पालटूं लागल्यानें ह्या व्यवस्थेसहि धक्का बसत आहे. इंग्लंडांत बीचच्या ठराविक झाडांचें बीं 1980 पासून दर वर्षीं मोजलें जात आहे. उन्हाळे अधिक ऊबदार झाल्यावर तीं झाडें पूर्वीपेक्षां वरचेवर फळूं लागलीं. वरवर पाहणारास ही सुधारणा वाटेल. परंतु भरलें वर्ष व रितें वर्ष ह्यांतला भेद पुसट झाला, एकदम फुलण्याचा मेळ बिघडला, किडींस दर वर्षीं थोडाथोडा खुराक मिळूं लागला, आणि शेवटास निरोगी बीं पूर्वीहून कमी हातीं येऊं लागलें. चाळीस वर्षांच्या वह्या नसत्या तर ही गोष्ट कोणास कळलीहि नसती.

आतां हिरड्याच्या एका विशेष अडचणीकडे वळतों, कारण आपल्या डोंगरी बांधवांच्या हातीं पावसापूर्वीं रोख पैसा आणणारें हें झाड आहे. बाजारास जो बाळहिरडा जातो तो आंतली आठळी कठीण होण्यापूर्वीं उतरून वाळविलेलें कोवळें फळ होय. म्हणजे बाळहिरड्यांत बीं नसतें. ज्या गांवांत झाडून सारा बाळहिरडा उतरला जातो, त्या गांवांत भरल्या वर्षींहि एक बीं जमिनीस मिळत नाहीं. झाडें शंभर वर्षांचीं, फळेंहि येतात, पैसाहि येतो. आणि खालीं एक नवें रोप दिसत नाहीं. हवेनें दोन-तीन वर्षांतून एकदां दिलेली संधि आपणच वैशाखांत वाळत घालतों. पैशाची निकड खरी आहे व ती बाजूस सारून उपदेश करणें सोपें असतें. तरी दर वीस झाडांमागें एखाद-दोन, मध्यम वयाचीं, निकोप व नेहमीं चांगलें फळणारीं झाडें भरल्या वर्षीं न उतरतां राखावीं, एवढें तरी गांवानें मिळून ठरवावें. एकट्यानें राखलेलें झाड दुसरा उतरून नेतो, म्हणून मिळून म्हणतों.

राखलेल्या झाडावरचें फळ हिंवाळ्यांत पिंवळसर होऊन पुढें गळूं लागतें. पडल्याबरोबर उचलावें, पडून राहिलें तर किडा लागतो. उन्हांत चांगलें वाळवून गर काढून टाकावा. आठळीचें कवच फार कठीण असल्यामुळें हिरडा उगवत नाहीं असा समज झाला आहे. आठळीच्या रुंद टोकाकडचें कवच आंतल्या गराभ्यास धक्का न लागेल इतकें तासून, दीड दिवस थंड पाण्यांत भिजत घालून मग लाविल्यास उगवण पुष्कळच सुधारते. पेरण्यापूर्वीं प्रत्येक झाडाच्या मूठभर आठळ्या फोडून आंत गराभा भरला आहे कीं पोकळ, हें पाहावें. ज्या झाडाच्या निम्म्याहून अधिक पोकळ निघतील त्याचें बीं घेऊंच नये. बीं एका झाडाचें न घेतां निदान पंधरा-वीस झाडांचें, एकमेकांपासून दूर असलेल्यांचें, एकत्र करावें.

भरल्या वर्षाचें बीं पुढील रित्या वर्षासाठीं ठेवतां येईल काय? सर्वांचें नाहीं. सागाचें ठेवतां येतें, किंबहुना वर्षभर जुनें केलेलें सागाचें बीं ताज्याहून बरें उगवतें. हिरड्याचेंहि नीट वाळवून ठेवतां येतें. परंतु आंब्याची कोय, जांभळाची आठळी व मोहाचें बीं हीं वाळलीं कीं मेलीं; तीं ज्या आठवड्यांत पडतील त्याच सुमारास मातींत गेलीं पाहिजेत. म्हणून ह्या तिघांच्या बाबतींत बीं सांठवावयाचें नसून रोपें सांठवावयाचीं असतात. जांभूळ-मोहाच्या भरल्या वर्षीं रोपवाटिका दुप्पट धरावी व रित्या वर्षीं तीच रोपें पुरवावीं. लागवडीच्या सरकारी योजनांचें वर्ष व झाडांचें वर्ष क्वचितच जुळतें, हें ज्यांनीं योजनांचे कागद हाताळले आहेत त्यांस सांगावयास नको.

हें सर्व ठरवावयाचें तर भरलें वर्ष कोणतें व रितें कोणतें हें माहीत पाहिजे, आणि नुसत्या आठवणीवर त्याचा भरंवसा नसतो. माझी हयात महसुलांत कारकुनी करण्यांत गेली, म्हणून मला ह्यावर एकच उपाय सुचतो. झाडांची आणेवारी लावावी. पिकांची आणेवारी आपणां सर्वांस ठाऊक आहे. सोळा आणे म्हणजे पुरें पीक. चार आण्यांच्या आंत पीक आलें तर साऱ्याची वसुली तहकूब व्हावी, ह्या मुद्द्यावरच 1918 सालीं खेड्याचा सत्याग्रह झाला. आज तिचीच पैसेवारी झाली आहे. परंतु आणेवारी असो कीं पैसेवारी, बांधावरच्या झाडास तींत स्थान नव्हतें व नाहीं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली व तींत बांधावरच्या झाडांची नोंद शेतकऱ्यास स्वतः करितां येते. ती अवश्य करावी. झाड कागदावर नसेल तर वादळानंतर पंचनामा कशाच्या आधारें व्हावयाचा? मात्र तेथें झाडांची संख्या येते, बहर किती आला तें येत नाहीं. तें आपलें आपणच लिहिलें पाहिजे.

रीत सोपी आहे. गांवानें प्रत्येक जातीचीं दहा झाडें निवडून त्यांस खुणेचे आंकडे घालावे. चांगलींच झाडें निवडूं नयेत, बरीं-वाईट दोन्ही घ्यावींत. ठराविक माणसानें ठराविक दिवसांत त्यांखालीं जाऊन दर झाडाच्या दहा डहाळ्यांवरील फळें मोजावीं. गांवांत त्या झाडाचा जो सर्वांत मोठा बहर पाहण्यांत आला असेल त्यास सोळा आणे धरून यंदाचे आणे मांडावे. जोडीस तीन तारखा लिहाव्या. पहिला तुरा किंवा मोहोर दिसला ती, तो भरांत आला ती, व पक्व फळ गळूं लागलें ती. हवेचे रकाने चारच पुरेत. पावसाळ्यांत ऊन पडलेले दिवस किती. शेवटचा मोठा पाऊस कोणत्या नक्षत्रांत. मोहोराच्या दिवसांत ढगाळ किंवा पावसाचे दिवस किती. वादळ किंवा गारा आल्या असतील तर तारीख. पावसाचा आंकडा आपल्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरून मिळतो, पण घाटावर दोन कोसांत पाऊस बदलतो, म्हणून गांवांत स्वतःचा एक साधा पर्जन्यमापक असल्यास उत्तम. शाळेंतील मुलांकडून हें काम चांगलें होतें. त्यांस झाडावर चढावयास निमित्तच हवें असतें.

जुन्या झाडांच्या बाबतींत एक सूचना करितों. वहीला निदान पांच वर्षें पुरीं होईपर्यंत कोणतेंहि हिरड्याचें, मोहाचें किंवा आंब्याचें झाड "फळत नाहीं" ह्या कारणावरून तोडूं नये. पांच वर्षांत शेजारचीं नऊ झाडें दोनदां बारा आण्यांवर गेलीं व दहावें एकदांहि चार आण्यांवर गेलें नाहीं, तरच त्या झाडांत दोष आहे असें समजावें. एरवीं दोष हवेचा आहे.

आणि ज्या वर्षीं एकहि फळ धरलें नाहीं त्या वर्षींहि झाडाखालीं जाऊन, तारीख घालून, शून्य आणे असें अक्षरीं लिहावें. रकाना मोकळा ठेवूं नये. कारण मोकळा रकाना पाहून पुढें वाचणाऱ्यास कळत नाहीं कीं त्या सालीं झाड फळलें नव्हतें, कीं लिहिणारा तेथवर गेलाच नव्हता.